हिऱ्याचे वजन : उधन्यातील ग्राहकांसाठी मार्गदर्शन

सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा आणि डिंडोली या भागांत वसलेल्या मराठी कुटुंबांत, आणि त्यांतही जळगाव, धुळे व नंदुरबारकडून ताप्तीकाठच्या रेल्वेने येऊन येथे स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांत, सोन्याच्या वजनाविषयी जितकी जाण आढळते, तितकाच हिऱ्याच्या वजनाविषयी संभ्रम आढळतो. सोने किती ग्रॅम, घट किती, मजुरी किती, हे प्रश्न घरातील वडीलधारी स्त्री सराफाला निःसंकोचपणे विचारते. परंतु त्याच दुकानात मुलीच्या साखरपुड्यासाठी हिऱ्याची अंगठी घेतली आणि पावतीवर ‘ग्रॉस ४.३६०, नेट ४.२७०, डायमंड ०.४५, नग ९’ असा मजकूर आला, की तो कोणी वाचीत नाही, आणि वाचला तरी त्याविषयी विचारण्याचे धैर्य कोणास होत नाही. जगातील बहुतेक हिऱ्यांना ज्या शहरात पैलू पाडले जातात, त्या शहराच्या रहिवाशांनी हिऱ्याच्या बाबतीत केवळ विश्वासावर विसंबावे, हे उचित नव्हे. वाचकांच्या वारंवार येणाऱ्या शंका ध्यानी घेऊन, निर्णय करण्यास जेवढे अवश्य तेवढेच येथे सांगितले आहे.

हिऱ्याची किंमत वजन, रंग, निर्मळता आणि पैलूंची घडण या चार गुणांवर ठरते. यांपैकी रंग, निर्मळता व घडण पारखण्यास सरावलेली दृष्टी लागते आणि जाणत्यांतही मतभेद होतात. वजन मात्र काटा सांगतो, आणि काट्यावरचा आकडा आपणास आणि विक्रेत्यास सारखाच दिसतो. चारांतला जो एकच गुण सामान्य ग्राहकास स्वतः पडताळून पाहता येतो, तोच त्याने न पडताळता सोडून द्यावा, यासारखे नुकसान दुसरे नाही.

कॅरेट म्हणजे नेमके किती?

हिऱ्याचे वजन कॅरेटमध्ये सांगितले जाते, आणि आज जगभर हा कॅरेट एकच आहे. १९०७ साली वजनमापांच्या चौथ्या आंतरराष्ट्रीय सर्वसाधारण परिषदेने तो २०० मिलिग्रॅम ठरविला. पुढील चार गोष्टी पाठ असल्या म्हणजे पावतीवरील कोणताही आकडा आपणास उलगडता येईल.

- १ कॅरेट = २०० मिलिग्रॅम = ०.२ ग्रॅम, म्हणजे ५ कॅरेटचा १ ग्रॅम.
- १ कॅरेटचे १०० सेंट. सेंटलाच बाजारात पॉइंट असेही म्हणतात. १ सेंट = २ मिलिग्रॅम.
- कॅरेटचे ग्रॅम करावयाचे असल्यास ०.२ ने गुणावे. ग्रॅमचे कॅरेट करावयाचे असल्यास ५ ने गुणावे.
- ‘पंधरा सेंटचा हिरा’ आणि ‘०.१५ कॅरेटचा हिरा’ या दोन्हींचा अर्थ एकच.

दशांश चिन्हाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ०.०५ आणि ०.५० या दोन लिहिण्यांत एका शून्याच्या जागेचा भेद दिसत असला, तरी एक पाच सेंटचा बारीक खडा आहे आणि दुसरा अर्ध्या कॅरेटचा मोठा हिरा आहे.

सोन्याच्या बाबतीत जो कॅरेट आपण बोलतो त्याचा वजनाशी संबंध नाही. २२ कॅरेट सोने म्हणजे २४ भागांत २२ भाग शुद्ध सोने. हिऱ्याच्या दागिन्यांना बहुधा १८ किंवा १४ कॅरेटचे सोने वापरतात, कारण खडा घट्ट धरून ठेवण्यास त्याचा कठीणपणा उपयोगी पडतो. तेव्हा ‘अठरा कॅरेटची हिऱ्याची अंगठी’ असे कोणी म्हणाल्यास त्यातून हिऱ्याच्या वजनाविषयी काहीही कळत नाही, हे जाणून लगेच पुढचा प्रश्न विचारावा: हिरे किती नग आणि किती सेंटचे?

पावतीचा हिशेब असा तपासावा

आरंभी दिलेलाच मजकूर घेऊ. त्यात ग्रॉस म्हणजे सोने व खडे मिळून दागिन्याचे संपूर्ण वजन, नेट म्हणजे खड्यांचे वजन वजा करून उरलेले निव्वळ सोने, आणि डायमंड म्हणजे सर्व हिऱ्यांचे मिळून वजन. पहिली दोन वजने ग्रॅममध्ये व तिसरे कॅरेटमध्ये असल्यामुळे गोंधळ होतो. तपासणीचा क्रम असा ठेवावा:

1. हिऱ्यांचे कॅरेट ०.२ ने गुणून ग्रॅम करावेत. ०.४५ × ०.२ = ०.०९० ग्रॅम.
2. हे ग्रॅम ग्रॉसमधून वजा करावेत. ४.३६० − ०.०९० = ४.२७०. हाच आकडा नेटच्या रकान्यात असला पाहिजे.
3. सोन्याचा दर नेट वजनावरच लावला आहे, हे पाहावे. ग्रॉस वजनावर दर लावल्यास हिऱ्याच्या वजनाचे पैसे सोन्याच्या दराने एकदा व हिऱ्याच्या दराने पुन्हा, असे दुहेरी घेतले जातात.
4. हिऱ्याची रक्कम म्हणजे दर कॅरेटचा भाव गुणिले कॅरेट. भाव आणि वजन पावतीवर स्वतंत्र लिहून घ्यावेत, नुसती ठोक रक्कम स्वीकारू नये.
5. एकूण कॅरेटला नगांनी भागावे. ०.४५ ÷ ९ = ०.०५, म्हणजे प्रत्येक खडा सरासरी पाच सेंटचा असला पाहिजे.

पाचवी पायरी बहुतेक लोक गाळतात, परंतु तीच सर्वांत मोलाची आहे. हिऱ्याचा भाव उदाहरणादाखल कॅरेटला ६०,००० रुपये धरू. पावतीवर ०.४५ कॅरेट लिहिले असून प्रत्यक्षात खडे तीन-तीन सेंटचेच, म्हणजे एकूण ०.२७ कॅरेटचे, निघाले, तर २७,००० रुपयांच्या ठिकाणी खरी रक्कम १६,२०० रुपयेच होते आणि आपले १०,८०० रुपये जातात. हिऱ्याचे वजन असे फुगवून लिहिल्याने नेट सोने कागदावर कमी दिसते, आणि ग्राहकास वाटते की दुकानदाराने सोन्यात सवलत दिली. पण १८ सेंटची ही तफावत सोन्याच्या बाजूस केवळ ३६ मिलिग्रॅमची आहे. हिऱ्याच्या दागिन्यात ग्रॅम थोडे आणि पैसे फार असतात. यास्तव सोन्याच्या रकान्यावर जितकी नजर ठेवता, त्याहून अधिक हिऱ्याच्या रकान्यावर ठेवावी.

काटा कोणता असावा?

सोने तोलण्याचा प्रत्येक काटा हिरा तोलण्यास पुरेसा असतो, हा समज चुकीचा आहे. काटा किती सूक्ष्म वाचन दाखवितो, यावर त्याची योग्यता ठरते.

- ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखविणारा काटा: याचे एक घर म्हणजे ५ सेंट. बारीक हिऱ्याच्या बाबतीत तो निरुपयोगी समजावा.
- ०.००१ ग्रॅमपर्यंत दाखविणारा काटा: याचे एक घर म्हणजे अर्धा सेंट. अनेक खडे एकत्र तोलण्यास ठीक. एकट्या बारीक खड्यास अपुरा.
- ०.००१ कॅरेटपर्यंत दाखविणारा काटा: हिऱ्याच्या व्यवहारास हाच योग्य.

बारीक खडे एकेक तोलून बेरीज केल्यास प्रत्येक वाचनातील सूक्ष्म चूक वाढत जाते. म्हणून ते एकत्र तोलावेत, आणि नग मात्र मोजून घ्यावेत.

वजन आपल्या डोळ्यांदेखत व्हावे, असा आग्रह धरावा, आणि ते होत असताना पुढील गोष्टी पाहाव्यात:

1. काट्यावर तोलमाप खात्याचा शिक्का आहे काय, आणि पडताळणीचा दाखला दुकानात दर्शनी भागी लावला आहे काय. अशा काट्यांची पडताळणी दर १२ महिन्यांनी करून घेणे विक्रेत्यास बंधनकारक आहे. दाखल्यावरील तारीख वाचावी.
2. काट्याच्या पडद्यावर कोणते एकक आहे. एकच कळ दाबली असता बहुतेक काटे ग्रॅमवरून कॅरेटवर जातात. त्यामुळे आकडा वाचण्यापूर्वी एकक वाचावे.
3. पारडे रिकामे असता आकडा शून्य आहे काय. खडा डबीत किंवा कागदात ठेवून तोलावयाचा असल्यास ती डबी वा कागद आधी ठेवून आकडा पुन्हा शून्य करून घ्यावा.
4. काचेचे झाकण लावले आहे काय. छताच्या पंख्याचा वारा पारड्यावर आला तर शेवटचे आकडे डोलत राहतात; ते स्थिर होईपर्यंत थांबावे.
5. खडा चिमट्याने ठेवला जात आहे काय. बोटाचा तेलकटपणा आणि धूळ यांनी वजनात फरक पडतो, म्हणून खडा आधी पुसून घ्यावा.
6. खडा उचलून पुन्हा एकदा ठेवावा. दोन्ही वेळा आकडा जुळला म्हणजे तो तेथल्या तेथे, तीन दशांश स्थळांपर्यंत, लिहून घ्यावा.

हे सारे होण्यास दोन मिनिटे पुरतात. प्रामाणिक विक्रेता याने कधीही रुष्ट होत नाही. हिऱ्याच्या बाजारात आपसांतील व्यवहारही तोलल्यावाचून होत नाहीत, मग ग्राहकाने तसे करण्यात अविश्वास कसला?

आकडा पूर्ण करण्याची रीत

काटा तीन दशांश स्थळे दाखवितो आणि प्रमाणपत्रावर दोनच छापली जातात, तेव्हा मधला फरक कोणाच्या बाजूने जातो हे ठाऊक असले पाहिजे. प्रमाणपत्र देणाऱ्या जीआयए या संस्थेची रीत कडक आहे: तिसऱ्या स्थळी ९ असेल तरच आकडा वर नेला जातो, एरवी तो गाळला जातो. या रीतीप्रमाणे ०.९९८ कॅरेटचा हिरा प्रमाणपत्रावर ०.९९ असाच येतो, आणि ०.९९९ असला तरच त्यास १.०० म्हणतात. प्रमाणपत्रावर ०.३० लिहिले असेल तर काट्यावर ०.२९९ ते ०.३०८ यांच्या दरम्यानचा आकडा दिसला पाहिजे. तो या मर्यादेबाहेर गेला, तर ते प्रमाणपत्र त्याच हिऱ्याचे आहे काय, हा प्रश्न उभा राहतो.

ही बारकाई निरर्थक नाही. हिऱ्याचा दर कॅरेटचा भाव सरळ रेषेत चढत नाही, ०.३०, ०.५०, ०.७०, ०.९० आणि १.०० या टप्प्यांवर तो एकदम उडी घेतो. त्यामुळे ०.४८ चा खडा ‘अर्धा कॅरेट’ म्हणून विकला गेला, तर आपण केवळ दोन सेंटचे जास्त पैसे देत नाही, तर वरच्या टप्प्याचा भाव सबंध खड्यावर देतो. उलटपक्षी, ज्यांस टप्प्याच्या आकड्याचा हव्यास नाही त्यांनी मुद्दाम ०.४७ किंवा ०.९५ असा खडा मागावा. डोळ्यांस भेद दिसत नाही आणि रक्कम बरीच वाचते.

एक कॅरेटचा हिरा आणि एक कॅरेटचे हिरे

जाहिरातीत ‘एक कॅरेट हिऱ्यांचे पदक’ असे म्हटलेले असते, तेव्हा ते बहुधा सर्व खड्यांचे एकत्रित वजन असते. पाच-पाच सेंटचे वीस खडे मिळून एक कॅरेट होतात, आणि एक कॅरेटचा एक खडाही एक कॅरेटच असतो. परंतु मोठा खडा दुर्मिळ असल्यामुळे दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या कित्येक पट असते. यास्तव एकत्रित वजनाची तुलना एका खड्याच्या वजनाशी कधीही करू नये. दागिन्यात मधला मोठा खडा आणि भोवतीचे बारीक खडे असतील, तर मधल्याचे वजन व भाव स्वतंत्र, आणि बारीक खड्यांचे नग, वजन व भाव स्वतंत्र, असे दोन ओळींत लिहून मागावे.

जडवलेल्या हिऱ्याचे वजन कसे अजमावावे?

खडा सोन्यात बसला की तो काट्यावर तोलता येत नाही. मग मापावरून अंदाज करावा लागतो. सर्वसाधारण घडणीच्या गोल हिऱ्याचा व्यास आणि वजन यांचे प्रमाण असे असते:

- १.३ मिलिमीटर: सुमारे ०.०१ कॅरेट
- २.० मिलिमीटर: सुमारे ०.०३ कॅरेट
- २.५ मिलिमीटर: सुमारे ०.०६ कॅरेट
- ३.० मिलिमीटर: सुमारे ०.१० कॅरेट
- ४.१ मिलिमीटर: सुमारे ०.२५ कॅरेट
- ५.२ मिलिमीटर: सुमारे ०.५० कॅरेट
- ६.५ मिलिमीटर: सुमारे १.०० कॅरेट
- ८.२ मिलिमीटर: सुमारे २.०० कॅरेट

आपल्या उदाहरणातील नऊ खडे पाच-पाच सेंटचे असतील, तर प्रत्येकाचा व्यास २.४ मिलिमीटरच्या आसपास भरला पाहिजे. तो २ मिलिमीटरच भरला, तर खडे तीन-तीन सेंटचे आहेत. सराफाकडील कॅलिपरने हे माप क्षणार्धात घेता येते. वजन दुप्पट झाले म्हणून व्यास दुप्पट होत नाही, हेही या तक्त्यावरून दिसेल: अर्ध्या कॅरेटचा हिरा एक कॅरेटचा झाला, तरी व्यास केवळ पाव हिश्शाने वाढतो.

व्यास आणि उंची दोन्ही मोजता आली तर अंदाज अधिक नेमका होतो. गोल हिऱ्यासाठी मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग गुणिले उंची गुणिले ०.००६१, हे सूत्र वापरतात. व्यास ६.५ आणि उंची ३.९ असल्यास ४२.२५ × ३.९ × ०.००६१, म्हणजे १.००५ कॅरेट येते. याच सूत्रावरून एक फसगत टाळता येते. कधी कधी खडा प्रमाणाबाहेर खोल ठेवून किंवा त्याची कड जाड ठेवून वजन राखलेले असते. असा हिरा काट्यावर एक कॅरेट भरतो, पण वरून पाहता पाऊण कॅरेटएवढाच दिसतो, आणि त्याचे तेजही उणे असते. म्हणून वजनाबरोबर व्यास विचारावाच.

जडवलेल्या दागिन्याचे प्रमाणपत्र घेताना त्यातील वजनापुढे ‘अंदाजे’ किंवा ‘विक्रेत्याने सांगितल्याप्रमाणे’ अशा अर्थाचे शब्द आहेत काय, ते वाचावे. खडे न काढता प्रयोगशाळेलाही ते तोलता येत नाहीत. असे शब्द असल्यास तो आकडा प्रयोगशाळेने तोलून दिलेला नाही, हे समजून चालावे.

सुटा हिरा घेऊन दागिना घडविताना

उधन्यातील अनेक कुटुंबांत कोणी ना कोणी वराछा किंवा कतारगामच्या हिऱ्याच्या कारखान्यात कामास असतो, आणि त्याच्या ओळखीने महिधरपुरा किंवा वराछाच्या बाजारातून सुटा हिरा घेऊन तो घराजवळच्या सोनाराकडून बसवून घेण्याची रीत रूढ आहे. या मार्गात पैसे वाचतात आणि हिरा सुटा असल्यामुळे तो तोलता येतो, हा मोठाच लाभ. परंतु खबरदारी न घेतल्यास धोकाही तितकाच.

1. हिरा कागदाच्या ज्या घडीत दिला जातो, तिला येथे पडीकुं म्हणतात. तिच्यावर लिहिलेले वजन हे विक्रेत्याचे म्हणणे आहे. ते आपल्यासमोर तोलून पडताळावे.
2. बारीक माल चाळणीने निवडून, नगांच्या सरासरी वजनावर विकला जातो. एकूण वजनाबरोबर नग मोजावेत आणि भागाकार करून पाहावा.
3. पावती घेतल्यावाचून हिरा घेऊ नये. पावती नसल्यास वजनाविषयी तक्रार करता येत नाही. शिवाय तो माल एखाद्या कारखान्यातून गैरमार्गाने बाहेर आलेला निघाला, तर चोरीचा माल घेतल्याचा आळ आपल्यावर येतो.
4. मोठ्या खड्यास प्रमाणपत्र असल्यास त्याचा क्रमांक खड्याच्या कडेवर लेसरने कोरलेला असू शकतो. दसपट भिंगातून तो वाचून ताडून पाहावा.
5. सोनाराच्या स्वाधीन करताना खड्याचे वजन, व्यास, नग आणि प्रमाणपत्राचा क्रमांक लिहिलेली पोच सहीनिशी घ्यावी. शक्य असल्यास हिरा जडविण्यापूर्वी त्याच्याच काट्यावर तोलावा.
6. दागिना परत घेताना व्यास पुन्हा मोजावा आणि क्रमांक पुन्हा वाचावा. संपूर्ण दागिन्याच्या वजनातून हिऱ्याचे ग्रॅम वजा करून सोन्याचा हिशेब मांडावा.

रती, जुना कॅरेट आणि घरातील जुने दागिने

ज्योतिषी खडा रतीत सांगतात आणि विक्रेता कॅरेटमध्ये देतो, त्यामुळे घोटाळा होतो. सोनारी तोळ्याच्या हिशेबाची जुनी रती, म्हणजेच गुंज, सुमारे १२१.५ मिलिग्रॅमची, रत्नांच्या दुकानांत चालणारी ‘पक्की रती’ सुमारे १८२ मिलिग्रॅमची. पहिल्या हिशेबाने एका कॅरेटच्या सुमारे १.६५ रती होतात, दुसऱ्या हिशेबाने सुमारे १.१. तेव्हा रतीचा भाव ऐकून सौदा ठरवू नये. वजन कॅरेटमध्ये करून घ्यावे आणि भावही कॅरेटचाच विचारावा.

आजी-पणजीच्या कागदांतील कॅरेट हा १९०७ पूर्वीचा असू शकतो. लंडनच्या बाजारातील तो कॅरेट सुमारे २०५ मिलिग्रॅमचा होता. कोहिनूरचे जुन्या हिशेबातील १८६ कॅरेट आजच्या हिशेबात सुमारे १९१ होतात, ते त्यामुळेच. जुन्या खड्यास नव्याने पैलू पाडल्यास वजन घटते, हेही ध्यानी असावे. त्र्यंबकेश्वरचा म्हणून ओळखला जाणारा नासक हिरा १८१८ साली इंग्रजांच्या हाती पडला, तेव्हा तो सुमारे ९० कॅरेटचा होता. पुढे वेळोवेळी पैलू पाडले गेल्यावर आज तो ४३.३८ कॅरेटचा, म्हणजे ८.६७६ ग्रॅमचा, उरला आहे. घरचा हिरा पुन्हा घडविण्यास देण्यापूर्वी, अपेक्षित घट किती आणि उरलेल्या वजनाची किमान मर्यादा कोणती, हे लिहून घ्यावे.

कुंदन, पोलकी व जडाऊ दागिन्यांत आत लाख भरलेली असते, आणि ग्रॉस वजनात सोने, लाख व खडे तिन्ही एकत्र येतात. यांचे वजन वेगवेगळे लिहून मिळाल्यावाचून असा दागिना घेऊ नये. हॉलमार्कच्या सक्तीतून हे दागिने वगळलेले असल्यामुळे येथे पावतीचेच संरक्षण उरते.

वजन जे सांगत नाही ते

प्रयोगशाळेत तयार केलेला हिरा आणि खाणीतील हिरा यांची घनता एकच, ३.५२, असल्यामुळे समान मापाचे दोन्ही हिरे काट्यावर समान भरतात. किमतीत मात्र दोहोंत फार मोठे अंतर आहे. सुरतेत प्रयोगशाळेतील हिऱ्यांचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर होते, आणि तो हिरा जाणून-बुजून घेण्यात काहीच गैर नाही. गैर आहे ते खाणीतला म्हणून त्याचा भाव देण्यात. पावतीवर ‘नैसर्गिक’ किंवा ‘प्रयोगशाळेत निर्मित’ हे शब्द स्पष्ट लिहून घ्यावेत, आणि मोठ्या खरेदीत शंका असल्यास आयजीआयसारख्या प्रयोगशाळेकडून, किंवा १९७८ साली सुरतेत स्थापन झालेल्या, कतारगाम येथील इंडियन डायमंड इन्स्टिट्यूटमध्ये चौकशी करून, तपासणी करून घ्यावी.

नकली खड्यांच्या बाबतीत मात्र सुट्या खड्याचे वजन आणि व्यास मिळून बरेच काही सांगतात. क्युबिक झिर्कोनिया, ज्यास अमेरिकन डायमंड म्हणतात, हा त्याच मापाच्या हिऱ्याच्या दीडपटीहून अधिक भरतो. मॉयसनाइट सुमारे नऊ-दशांश भरतो. साडेसहा मिलिमीटरचा खडा एका कॅरेटच्या ऐवजी दीड-पावणेदोन कॅरेट भरला, तर सौदा तेथेच थांबवावा.

आपले हक्क आणि तक्रारीचा मार्ग

- पावतीचा हक्क: हॉलमार्क केलेल्या दागिन्याच्या पावतीवर जिन्नसाचे वर्णन, सोन्याचे निव्वळ वजन, शुद्धता आणि हॉलमार्कचे शुल्क स्वतंत्र दाखविणे आवश्यक आहे. हिऱ्याचे नग, कॅरेट आणि भावही त्यात लिहून मागावेत. मागूनही पावती न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये अनुचित व्यापारी प्रथा आहे.
- हॉलमार्कची मर्यादा: दागिन्यावरील सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक बीआयएस केअर या अ‍ॅपवर पडताळता येतो. तो सोन्याच्या शुद्धतेची ग्वाही देतो, हिऱ्याच्या वजनाची किंवा अस्सलपणाची देत नाही. शुद्धता कमी निघाल्यास फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मिळण्याची तरतूद आहे.
- काट्याविषयी तक्रार: शिक्का नसलेला किंवा मुदत संपलेला काटा आढळल्यास गुजरातच्या तोलमाप खात्याकडे लेखी तक्रार करावी. वैधमापन कायदा, २००९ खाली तपासणीचा अधिकार त्या खात्याचा आहे.
- प्रथम विक्रेत्याकडे लेखी मागणी: वजनात तफावत आढळल्यास दागिना मोडण्यापूर्वी विक्रेत्यास पत्र द्यावे, आणि खडे काढून दोन्ही पक्षांसमोर तोलावेत अशी मागणी करावी. परस्पर दुसऱ्याकडून खडे काढून घेतल्यास पुरावा दुबळा होतो.
- मदतीचा दूरध्वनी: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.
- जिल्हा ग्राहक आयोग: ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराची तक्रार येथे दाखल होते, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार करावी. दागिना जळगावात किंवा मुंबईत घेतला असला, तरी आपण राहता तेथील, म्हणजे सुरतेच्या, आयोगाकडे दाद मागता येते. हा हक्क येथील स्थलांतरित कुटुंबांनी विशेष लक्षात ठेवावा.

दागिना परत देण्याच्या किंवा बदलण्याच्या अटीही खरेदीच्या वेळीच लिहून घ्याव्यात: हिऱ्याचे वजन पहिल्या पावतीप्रमाणे धरणार की खडे काढून नव्याने तोलणार, कपातीत किती टक्के जाणार, आणि बारीक खड्यांस परतीचे मूल्य आहे की नाही. पुष्कळ ठिकाणी एका ठराविक आकाराखालील खडे परतीच्या वेळी शून्य मोलाचे धरले जातात, आणि ही अट ग्राहकास फार उशिरा समजते.

गिरणीत किंवा यंत्रमागावर पाळ्या करून साठविलेल्या पैशांतून घेतलेला हिरा लहान असेल, पण त्यासाठी केलेले श्रम लहान नसतात. म्हणून पुढील खरेदीस निघताना एवढे करावे: ०.२ ने गुणण्याची रीत आणि व्यासाचा तक्ता एका चिठ्ठीवर उतरवून जवळ ठेवावा, हिरा काट्यावर पाहिल्यावाचून पैसे मोजू नयेत, आणि नग, कॅरेट व भाव हे तीन आकडे पावतीवर उतरल्यावाचून दुकानाची पायरी उतरू नये.